दुसऱ्याच्या मापाचा सायलेन्सर

बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या सायलेन्सरवर लेख द्यावा, याचे संपादक मंडळाला नवल वाटले. लसीकरणावर काही लिहा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु ही हकिगत मी आजवर मोजक्याच मित्रांना सांगितली आहे. कारण तिच्यात ज्याचे रोगनिदान चुकले तो डॉक्टर मीच होतो.

माझ्याकडे मारुतीची जुनी जिप्सी आहे, मूळ ९७० सी.सी. इंजिनाची. ते इंजिन थकल्यावर, १९९६ पासून ‘जिप्सी किंग’मध्ये येऊ लागलेले १.३ लिटरचे इंजिन मी तिच्यात बसवून घेतले. परिवहन कार्यालयातील नोंदीचे सोपस्कारही केले. पण हृदय बदलले तरी रक्तवाहिन्या जोडाव्याच लागतात. जुना सायलेन्सर गंजलेला होता आणि नव्या इंजिनाला अपुरा पडत होता. अशातच कळले, की असाच बदल केलेल्या एका जिप्सीच्या हौशी मालकाने खास बनवून घेतलेली स्टेनलेस स्टीलची नळी, सायलेन्सरसकट, विकायला काढली आहे. किंमत नव्याच्या निम्मी.

मी चुंबक घेऊनच गेलो. चुंबक चिकटला नाही, म्हणजे ३०४ जातीचे पोलाद : सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांना बहुधा ४०९ जातीचे असते. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळजवळ नाहीच, आणि चुंबक त्याला चिकटतो. मला केवढा आनंद झाला! पण चुंबक धातूची जात सांगतो, जोडकामाची गुणवत्ता सांगत नाही.

उद्यमबागेतील आमच्या मेस्त्रींनी नळी हातात घेऊन एवढेच म्हटले, “डॉक्टर, हा दुसऱ्याच्या मापाचा कोट आहे.” बदललेल्या इंजिनाची माउंटिंग हाताने बनवतात, त्यामुळे प्रत्येक गाडीत इंजिन थोडे पुढे-मागे, वर-खाली बसते. आमच्या गाडीला ती नळी दोन बोटे आखूड पडत होती. मधे कापून लवचीक जोड घालू या, दोन दिवस द्या, असे ते म्हणाले. मला शनिवारी गोव्याला जायचे होते. नळी ओढून, फ्लँजचे बोल्ट आवळून बसवली गेली, ती माझ्या घाईमुळे. पी.यू.सी. चाचणीतही गाडी उत्तीर्ण झाली. त्या पिढीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि तपासनळी घालतात ती शेवटच्या टोकाला. वाटेत कोठे गळत असेल तर ते तिला कळत नाही.

जुलै २०१८. सौभाग्यवती शेजारी, मागच्या बाकावर भाची आणि तिची चार वर्षांची लेक. जांबोटी मागे पडली आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. काचा बंद, मागचे कापडी छत घट्ट बांधलेले. कणकुंबीच्या पुढे रस्त्यावर झाड आडवे पडले होते. पाऊण तास रांगेत उभे राहिलो. काचांवरचे बाष्प जावे म्हणून पंखा आणि इंजिन चालू ठेवले होते.

मुलीला उलटी झाली. घाटाचा रस्ता, दुसरे काय असणार? मी ऑन्डान्सेट्रॉन दिले. ती मलूल होऊन आईच्या मांडीवर पडली. भाची म्हणाली, “मामा, माझंही डोकं जड झालंय.” माझीही कानशिले ठणकत होती, त्याचे खापर मी चुकलेल्या चहावर फोडले. तरी बॅगेतला पल्स ऑक्सिमीटर मुलीच्या बोटाला लावला. ९८ टक्के. मी निश्चिंत झालो.

येथे वैद्यक व्यवसायाबाहेरील वाचकांसाठी दोन शब्द. हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून सोडून मोजमाप करते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जवळजवळ प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनइतकाच शोषते, म्हणून यंत्र फसते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हे सारे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे.

झाड कितपत हलले ते पाहायला मी खाली उतरलो. दहा मिनिटे पावसात उभा राहिलो, आणि डोके हलके झाले. परत येऊन दार उघडले, तर मागे आई आणि लेक दोघीही झोपलेल्या. गाडी लागल्याने एकाच वेळी सगळ्यांची डोकी दुखत नाहीत, हे तेव्हा सुचले. इंजिन बंद केले, छताची कापडे अक्षरशः फाडली, मुलीला उचलून उघड्यावर आणले. मागच्या गाडीतील एका अनोळखी कुटुंबाने, वाट मोकळी होताच, आम्हाला गोव्यातील रुग्णालयात पोहोचवले.

रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मुलीचे १२ टक्के, आईचे ९. तेही मोकळ्या हवेत दीड तास गेल्यानंतर. साध्या हवेत ते निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. मुले वजनाच्या मानाने अधिक हवा आत घेतात, म्हणून आधी बाधतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी खाणीत छोटे प्राणी-पक्षी न्यावेत असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवले, ते याच तत्त्वावर. आमच्या गाडीत ते काम चार वर्षांच्या मुलीने केले. संध्याकाळी ती उठून बसली आणि इडली मागू लागली, तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

गाडी टोचनावर बेळगावला आणली. मेस्त्रींनी खालून काजळीचा काळा डाग दाखवला. सायलेन्सरच्या अलीकडे जोडाला बोटभर भेग होती. ३०४ पोलाद तापल्यावर बरेच वाढते : ५०० अंशांनी तापले तर मीटरमागे सुमारे साडेआठ मिलिमीटर. आमच्या ताणलेल्या नळीला हलायला जागाच नव्हती. शिवाय मूळ वेल्डिंग करताना नळीच्या आत आर्गॉन वायू भरला नव्हता. त्यामुळे जोडाची आतली बाजू जळून साखरेसारखी खरबरीत, ठिसूळ झाली होती. बाहेरून आरसा, आतून हे! जुन्या गाडीच्या तळातली रबरी बुचे गळालेली होतीच; धूर तेथून वर आला.

नवी नळी मेस्त्रींनी आमच्याच गाडीखाली झोपून, मापे घेऊन केली, लवचीक जोडासह. जुनी बरेच दिवस गॅरेजच्या पोटमाळ्यावर होती. एक तरुण ती विकत घ्यायला आला. मी भेग दाखवली. “एक टाका मारला की झालं, डॉक्टर,” तो म्हणाला. तो गेल्यावर मी मेस्त्रींना ग्राइंडर लावायला सांगितला, आणि तिचे चार तुकडे होईपर्यंत तेथेच थांबलो.