केळीचं कॉपी-पेस्ट: टिश्यू कल्चर चालतं कसं आणि बिघडतं कुठे?

रावेर-यावलकडे किंवा धुळ्याच्या शिरपूर भागात केळीची बाग बघा. सगळी झाडं एका उंचीची आणि जवळपास एकाच वेळी निसवलेली दिसतील. कारण सोपं आहे: बऱ्याच बागांतली झाडं म्हणजे एकमेकांच्या कॉपीज आहेत.

पूर्वी जुन्या बागेतले कंद काढून लावायचे. त्यांच्यासोबत रोगही यायचे, आणि पीक हाती यायला साधारण १८ महिने लागायचे. १९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपं आणली. ठिबकची जोड मिळाली आणि पीक ११-१२ महिन्यांत येऊ लागलं.

लॅबमध्ये काय करतात? निरोगी झाडाच्या कंदातला वाढणारा कोंब काढून निर्जंतुक करतात. मग तो साखर, क्षार आणि हार्मोन असलेल्या जेलीत, काचेच्या बरणीत ठेवतात. त्याला नवे कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बरणीत. एकाचे अनेक होत जातात. शेवटी मुळं फुटली की रोपं शेडनेटमध्ये उन्हा-वाऱ्याला सरावतात.

पण कॉपी करताना बगसुद्धा कॉपी होतो. याचं मोठं उदाहरण म्हणजे पामतेलाचं झाड. त्याला केळीसारखी पिल्लं फुटत नाहीत, म्हणून पानाच्या किंवा मुळाच्या पेशींपासून रोप बनवावं लागतं. १९८०च्या दशकात अशा काही झाडांना वेडीवाकडी, कमी तेलाची फळं आली. ते कळलं कधी? लागवडीनंतर काही वर्षांनी, फळं धरल्यावर! २०१५ मध्ये मलेशियाच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. डीएनएची अक्षरं तीच होती, पण 'कर्मा' नावाच्या तुकड्यावरची रासायनिक खूण पुसली गेली होती. म्हणजे कोड तोच, सेटिंग बदललेलं.

केळीतही जास्त वेळा कॉपी केली तर वेगळीच, खुजी झाडं निघू शकतात. म्हणून चांगल्या लॅब साधारण ८ फेऱ्यांवर थांबतात. मूळ झाडात विषाणू असेल तर तोही प्रत्येक रोपात जातो. खानदेशात सीएमव्हीने बागा उपटायला लावल्या आहेत. हा रोग माव्यामुळेही पसरतो, त्यामुळे शेतात काळजी घ्यावीच लागते.

घरी केळी लावणार असतील, तर फोनवर बुकिंग करण्याआधी दोन प्रश्न विचारा: मातृझाडाची विषाणू चाचणी झाली का? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतलं, २००६ पासून मिळणारं प्रमाणपत्र आहे का? ॲप टाकताना परवानग्या बघता ना, तसंच. फरक एवढाच की ॲप अनइन्स्टॉल करता येतं. बाग मात्र वर्ष घेऊन जाते.