तीनशे चौरस इंचांचे घर

बाहुलीघरे बांधणाऱ्यांच्या जगात एक प्रमाण सगळीकडे चालते, ते म्हणजे एकास बारा. खऱ्या घरातला एक फूट छोट्या घरात एक इंच होतो. हा छंद ज्या देशांत वाढला तिथे फूट-इंचाची मापे होती, म्हणून ते रूढ झाले. मुंबईत या प्रमाणाचा आणखी एक फायदा आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही बाराव्या हिश्श्यावर आल्या की जितके चौरस फूट तितकेच चौरस इंच होतात, आणि आपल्या घराचा कार्पेट एरिया पाठ नसलेला माणूस या शहरात विरळाच. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली १६० चौरस इंचांत बसते, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षाही कमी जागेत. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले, आता ३०० आहे. पंधरा बाय वीस इंचांच्या फळीवर ते अख्खे मावते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या जुन्या वन रूम किचनचा हिशेबही याच्या आसपासच येतो. इतके सोपे गणित हाताशी असताना इथली हौशी मंडळी बांधतात काय? परदेशी बनावटीचे किट मागवून उतरत्या छपराचे कॉटेज, फायरप्लेस असलेला दिवाणखाना किंवा युरोपातल्या गल्लीतला कॅफे. तास न् तास खपून, चिमट्याने एकेक खुर्ची चिकटवून उभे राहते ते घर ज्यात आपल्यापैकी कोणी कधी राहिलेले नाही.

या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि तो आहे म्हणूनच ते आपल्या घरांकडे वळावेत असे वाटते. उपनगरांतली जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. ती आतून कशी होती आणि त्यांत माणसे कशी राहत होती, हे पुढच्या पिढीसाठी नोंदवून ठेवण्याचे सामान्य माणसाच्या हातातले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे मोजून-मापून बांधलेले छोटे घर. हे म्हणणे अवास्तव वाटेल, पण या छंदाचा इतिहास त्याच्या बाजूने आहे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले बाहुलीघर हे अशा घरांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. ते आज अस्तित्वात नाही. त्याची लेखी यादी तेवढी उरली. त्याउलट ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन या बाईंनी १६८६ ते १७१० या काळात सजवलेले घर राइक्सम्युझियममध्ये शाबूत आहे. त्यात स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, वरच्या मजल्यावर धुतलेल्या कपड्यांची व्यवस्था आहे, आणि वस्तू त्या त्या कारागिरांकडून खऱ्याच मालात बनवून घेतलेल्या आहेत. त्या काळातल्या श्रीमंत डच घरांची चित्रे पुष्कळ आहेत, पण चित्रकार काय दाखवायचे ते निवडतो. बाहुलीघरात कपाट कुठे, चूल कुठे, चादरी कुठे, हे सगळेच ठरवावे लागते. म्हणून तिथल्या संसाराचा अभ्यास करणारे आजही या घराकडे वळतात.

दुसरे उदाहरण विंडसरच्या राजवाड्यातले. क्वीन मेरीचे बाहुलीघर १९२१ ते १९२४ या काळात तयार झाले, आणि त्याचे वास्तुरचनाकार होते एडविन लट्येन्स, जे त्याच वर्षांत नवी दिल्लीची राजधानी रेखाटत होते. एकास बारा या प्रमाणातल्या त्या घरात नळाला पाणी येते, विजेचे दिवे लागतात आणि ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी स्वहस्ते लिहिलेली इवलीशी पुस्तके आहेत. १९२४ च्या वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले ते राजघराण्याचे वैभव म्हणून. शंभर वर्षांनी त्याचे मोल बदलले आहे: त्या काळातल्या संपन्न इंग्रजी घरात नळ, दिवे आणि घरगुती यंत्रे कशी नांदत होती, याचा तो जागच्या जागी ठेवलेला पुरावा झाला आहे. तिसरे उदाहरण मला या दोहोंपेक्षाही मोलाचे वाटते. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंची दृश्ये एकास बारा प्रमाणात उभी केली, ती तपास अधिकाऱ्यांना निरीक्षण शिकवण्यासाठी. गरीब भाड्याच्या खोल्या, मळके पडदे, अर्धवट राहिलेला स्वयंपाक, सगळे नेमके. छोटे घर गोंडसच असले पाहिजे असे नाही, त्यावर पुरावा म्हणून विसंबता येते, हे या बाईंनी सिद्ध केले.

आपल्याकडे या परंपरेचे दोन तुकडे आहेत आणि ते कधी जोडले गेले नाहीत. एक भातुकली. पितळेची, लाकडाची, दगडाची चूल, पाटा-वरवंटा, जाते, बंब, सोऱ्या, पुरणयंत्र, रोवळी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी ती घरोघरी पोचवली, आणि पुण्याच्या विलास करंदीकरांनी जमवलेल्या भातुकलीच्या प्रदर्शनांत लोक या वस्तू आवर्जून पाहतात. खऱ्या स्वयंपाकघरातून बंब आणि जाते गेले तरी त्यांचा घाट भातुकलीत टिकला, हीच माझ्या म्हणण्याची मराठी साक्ष. दुसरा तुकडा दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, पोते, लाल माती, वर पेरलेले अळीव, बुरूज, दरवाजा, पायऱ्या आणि सिंहासनावर महाराज. भातुकलीत संसार आहे पण त्याला भिंती नाहीत. किल्ल्याला तटबंदी आहे पण आत कोणी स्वयंपाक करत नाही. पहिला खेळ मुलींचा ठरला, दुसरा मुलांचा. बाहुलीघर हे मुलींचे खेळणे आहे असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही वाटणी नीट पाहावी. घर बांधायला गवंड्याची नजर लागते आणि मांडायला गृहिणीची. छोट्या घरात दोन्ही एकाच माणसाला शिकावी लागतात. ऑर्टमन बाई आणि लट्येन्स दोघेही प्रौढ होते आणि दोघांनीही हे काम गंभीरपणे केले.

आता उपनगरांकडे पाहू. मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. त्यानंतरच्या दशकांत इथे जी वस्ती उभी राहिली तिचा साचा ठरलेला होता: तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, मोझेकच्या लाद्या, जिन्याला जाळीच्या सिमेंटी विटा, पुढे थोडे अंगण. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, अंधेरीचे डी. एन. नगर या म्हाडाच्या वसाहती त्याच काळाच्या, आणि आज तिथे पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत. त्याआधीपासूनची गावठाणे वेगळीच: आंबोली, मरोळ, वझिरा, किरोळ इथली कौलारू, ओटीची, काही ठिकाणी लाकडी जिन्याची घरे. यातले जवळजवळ काहीही संग्रहालयात जाणार नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, जुन्या मुंबईतली माणसे आणि व्यवसाय मातीच्या छोट्या प्रतिकृतींतून पाहता येतात. पंतनगरची वन रूम किचन मात्र कोणी अजून तिथे ठेवलेली नाही. गंमत अशी की प्रतिकृती बनवणारे कुशल हात या शहरात भरपूर आहेत. प्रत्येक बिल्डरच्या विक्री कार्यालयात काचेखाली टॉवरचे मॉडेल असते, दिवे लागलेले, झाडे लावलेली. ते अजून न बांधलेल्या इमारतीचे असते आणि फक्त बाहेरून असते. पाडल्या जाणाऱ्या इमारतीचे, आतून केलेले मॉडेल कोणी मागत नाही. ती जागा हौशी माणसाचीच आहे.

हे काम परदेशी किटपेक्षा अवघड आहे, कारण आपल्या खोल्या वेगळ्या वागतात. युरोपीय बाहुलीघरात प्रत्येक खोलीला एक काम असते. समोरची भिंत उघडली की झोपण्याची, जेवण्याची, बसण्याची खोली वेगवेगळी दिसते. मुंबईच्या खोलीत एकच जागा दिवसभर रूप पालटते. सकाळी जिथे डबे भरले जातात तिथेच दुपारी शिवणयंत्र चालते, संध्याकाळी पाहुणे बसतात आणि रात्री गाद्या पडतात. म्हणजे खोली बांधताना वेळ ठरवावी लागते, किंवा सामान हलते ठेवून एकाच खोलीचे तीन प्रहर मांडावे लागतात. मोरी कुठे आणि तिचा कठडा किती उंच? पाणी पहाटे येत असेल तर पिंप कोणत्या कोपऱ्यात? माळ्यावर चढायला शिडी की स्टूल? कालनिर्णय कोणत्या खिळ्याला, देव्हारा फ्रिजवर की भिंतीतल्या कोनाड्यात? पार्टिशनच्या पलीकडे कोण झोपायचे? हे प्रश्न विचारल्याशिवाय छोटी खोली पुरी होत नाही, आणि उत्तरे देणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

फोटो आणि व्हिडिओ असताना हा खटाटोप कशाला, हा सर्वांत जोरदार आक्षेप. त्यात तथ्य आहे. रंग, चेहरे, आवाज यांत प्रतिकृती कॅमेऱ्याची बरोबरी करणार नाही. पण घरातले फोटो बारशाचे, वाढदिवसाचे, गणपतीचे असतात. मोरीचा फोटो कोणी काढत नाही, दाराआडच्या ट्रंकेचा नाही, गॅलरीतल्या ग्रिलला लटकवलेल्या बादलीचा तर नाहीच. कॅमेरा कोनाबाहेरचे सोडून देतो. बांधणाऱ्याला चारही भिंती बांधाव्या लागतात. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी ते जरूर वापरावेत. फोटोतल्या दाराची उंची सात फूट धरली तर बाकीची बरीच मापे त्यावरून अदमासाने निघतात.

दुसरा आक्षेप जागेचा आणि खर्चाचा. तीनशे चौरस इंचांची पेटी पलंगाखाली जाते. तेही जमत नसेल तर एकास चोवीस घ्या, क्षेत्रफळ एकदम चौथ्या हिश्श्यावर येते. सामान घरात आहे: पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, उदबत्तीच्या काड्या, टूथपिक, औषधांच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट, ज्याच्या चंदेरी पत्र्यातून स्टीलची ताटली कापता येते. लागतो तो चांगला कटर, स्टीलची पट्टी, फेविकॉल आणि धीर. खरा शत्रू पैसा नाही, इथली हवा आहे. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, वाकतो, बुरशी धरतो. पायासाठी आणि मुख्य भिंतींसाठी पातळ प्लायवूड किंवा एमडीएफ वापरावे आणि रंग किंवा वॉर्निश दोन्ही बाजूंनी द्यावे. एकाच बाजूने दिले तर फळी वाकण्याचा धोका राहतो. थर्माकोलचा मोह टाळावा: राज्याने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली ती योग्यच होती, आणि तसेही ते बारीक कामाला ठिसूळ पडते.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. अशी घरे बांधल्याने जुन्या अडचणींना सोनेरी मुलामा चढतो; चाळीत आणि वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना पुनर्विकास हवा होता आणि तो त्यांचा हक्क आहे. मान्य. मोठे घर, स्वतःचे संडास-न्हाणीघर, लिफ्ट या गोष्टी आठवणींपेक्षा महत्त्वाच्या आहेत, आणि पाडू नका असे मी म्हणत नाही. पण मुलामा चढवणे हा बांधणाऱ्याचा दोष आहे, छंदाचा नाही. सार्वजनिक संडासाबाहेरची रांग, छताची ओल, सळ्या दिसणारा स्लॅब, भिंतीला लावलेले लाकडी टेकू, हेही एकास बारामध्ये बांधता येते आणि बांधलेच पाहिजे. ग्लेसनर ली यांनी मळके पडदे मळकेच ठेवले, म्हणून त्यांच्या खोल्यांवर विश्वास बसतो. तीनशे चौरस फुटांत सहा माणसे कशी झोपत होती हे आकड्याने सांगून कळत नाही. सहा अंथरुणे त्या फळीवर घालून पाहिली की शिल्लक जागा किती ते डोळ्यांना दिसते. घरांच्या आकाराचे धोरण ठरवणाऱ्यांनाही अशी एक खोली समोर ठेवून चर्चा करायला हरकत नाही.

म्हणून या दिवाळीत एक विनंती. तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर सामानाची बांधाबांध सुरू होण्याआधी टेप घ्या. खोलीची लांबी, रुंदी, उंची, दारे, खिडक्या, मोरी, ओटा, फळ्या यांची मापे वहीत लिहा, लादीची नक्षी कागदावर छापून घ्या, आणि कोणती वस्तू कुठे व कशासाठी होती ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून शेजारी लिहा. बांधणे पुढच्या वर्षी झाले तरी चालेल, मोजणे नंतर होत नाही. आणि पार्ल्याचा १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या उपनगरातल्या संस्थांनी आपल्या वाचनालयात एक काचेचे कपाट या घरांसाठी मोकळे करावे.