कॅनाबिडिऑल : द्रव्य, मात्रा आणि बाजार

भांगेच्या झाडापासून मिळणारे कॅनाबिडिऑल हे द्रव्य अलीकडे ‘सीबीडी’ या आद्याक्षरी नावाने रुग्णालयांत व बाजारांत सारखेच परिचित झाले आहे. त्याने नशा येते काय, त्याचे प्रकार कोणते आणि ते निर्धोक आहे काय, असे तीन प्रश्न त्याविषयी हटकून विचारले जातात. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्र बरेचसे निःसंदिग्धपणे देते. उरलेल्या दोहोंची उत्तरे मात्र, कोणते सीबीडी आणि किती, हे ठरल्यावाचून देताच येत नाहीत.

हे द्रव्य १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळे केले. त्याची यथार्थ रचना १९६३ साली इस्राएलमधील राफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्याने निश्चित केली आणि पुढच्याच वर्षी मादक घटक जो टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) तो शुद्ध स्वरूपात हाती आला. दोहोंचे रेणुसूत्र एकच : कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० व ऑक्सिजनचे २ अणू. भेद एवढाच की, टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन अणू बांधला जाऊन तिसरे वलय पुरे होते. कॅनाबिडिऑलमध्ये ते उघडेच राहते. या अल्पशा फरकाने रेणूचा आकार पालटतो. मेंदूतील ज्या सीबी-१ ग्राहींवर टीएचसी नेमके बसते व धुंदी आणते, त्यांच्याशी कॅनाबिडिऑलचा बंध अत्यंत दुर्बळ असतो. म्हणून त्याने नशा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये, शुद्ध कॅनाबिडिऑलचे व्यसन लागण्याचा संभव दिसत नाही, असाच निर्वाळा दिला. तथापि ‘मादक नाही’ याचा अर्थ ‘मेंदूवर परिणाम करीत नाही’ असा नव्हे. तसे असते तर अपस्मारावर त्याचा उपयोगच झाला नसता.

बाजारात या द्रव्याचे तीन प्रकार मानले जातात. पहिला शुद्ध स्फटिकरूप. दुसरा वनस्पतीचा समग्र अर्क, ज्यात इतर घटकांबरोबर थोडे टीएचसीही राहते. तिसरा, असाच अर्क पण टीएचसी काढून टाकलेला. समग्र अर्कातील घटक परस्परांचा गुण वाढवितात, असे विक्रेते आग्रहाने सांगतात. त्यास मानवी प्रयोगांचा भक्कम आधार अद्याप नाही. भांगेच्या बियांचे तेल हे तर निराळेच. त्यात कॅनाबिडिऑल नाममात्र असते, कारण ते मुख्यत्वे मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींच्या राळेत तयार होते, बियांत नव्हे.

परिणामांच्या बाबतीत सर्वांत भरभक्कम पुरावा अपस्माराचा आहे. कलकत्त्यात १८३९ च्या सुमारास विल्यम ओशॉनेसी यांनी अर्भकाच्या आकडीवर गांजाचा अर्क वापरल्याची नोंद आहे. अर्थात त्यातील कोणता घटक गुणकारी, हे त्या काळी कळणे शक्य नव्हते. ड्रावे नावाच्या दुर्धर बालअपस्मारावरील चाचणीचे फलित २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १२० रुग्ण होते. औषध घेणाऱ्या गटात मासिक झटक्यांची मध्यका १२.४ वरून ५.९ वर आली. प्रतिरूप औषध घेणाऱ्यांत ती १४.९ वरून १४.१ एवढीच उतरली. पुढील वर्षी अमेरिकेत शुद्ध कॅनाबिडिऑलच्या द्रावणास ड्रावे व लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठी मान्यता मिळाली. चिंतेवरही काही लहान प्रयोग आहेत. त्यांपैकी २०१७ च्या एका प्रयोगात ३०० मिलिग्रॅमने भाषणप्रसंगीची चिंता कमी झाली, परंतु १०० व ९०० मिलिग्रॅमने झाली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निद्रानाश व जुनाट वेदना यांविषयीचे दावे पुराव्याच्या बरेच पुढे धावतात.

येथे मात्रेचा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. अपस्मारावर दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला १० ते २० मिलिग्रॅम औषध दिले जाते. म्हणजे २० किलोच्या बालकास निदान २०० मिलिग्रॅम. समजा, ३० मिलिलिटरच्या कुपीत एकूण १,००० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल आहे. अर्धा मिलिलिटर घेणाऱ्यास त्यातून जेमतेम १७ मिलिग्रॅम मिळते. त्यातही तोंडावाटे घेतलेल्या मात्रेचा फार थोडा अंश रक्तात पोहोचतो. स्निग्ध आहाराबरोबर घेतल्यास तो चार-पाच पटींनी वाढतो. तेव्हा चाचणीतील यश कुपीच्या वेष्टनावर छापणे हे शास्त्राला धरून नाही. शिवाय वेष्टनावरील आकडाही विश्वसनीय असतोच असे नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये तपासलेल्या ८४ उत्पादनांपैकी सुमारे ३१ टक्क्यांतच लिहिलेले प्रमाण बरोबर आढळले आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले.

मोठ्या मात्रेचे दोषही खरे आहेत. गुंगी, अतिसार व भूक मंदावणे हे नेहमीचे. अधिक गंभीर म्हणजे यकृतातील विकरांची रक्तातील पातळी वाढणे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णांत हे विशेषेकरून घडते. यकृतातील ज्या विकरांकरवी अनेक औषधांचे विघटन होते, त्यांपैकी काहींना कॅनाबिडिऑल अडविते. परिणामी क्लोबाझामच्या क्रियाशील अवशेषाचे रक्तातील प्रमाण वाढून रुग्ण सुस्त होतो, आणि वॉरफॅरिन घेणाऱ्याच्या रक्तगुठळीच्या चाचणीवर बारीक लक्ष ठेवावे लागते. गर्भवतींनी व स्तनदा मातांनी ते टाळावे, असाच वैद्यकीय सल्ला आहे.

भारतात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांवाचून असलेली पाने व बिया तीतून वगळलेल्या आहेत. पानांचे नियमन राज्यांकडे आहे. त्यामुळे ‘विजया’ या नावाने मिळणारे आयुर्वेदीय अर्क बहुधा पानांचे असतात व त्यांत टीएचसीही असू शकते. अशा अर्काला ‘सीबीडी’ समजून घेणाऱ्या रुग्णास गुंगी आली, तर ती कोणत्या घटकाची हे वैद्याला कुपीतील द्रव्याचे पृथक्करण पाहिल्यावाचून सांगता येत नाही. खेळाडूंची स्थिती याहून अवघड. उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेने २०१८ पासून कॅनाबिडिऑल निषिद्ध यादीतून वगळले असले, तरी स्पर्धाकाळात टीएचसी निषिद्धच आहे, आणि मूत्रपरीक्षेत ते कोणत्या तेलातून आले याची दखल घेतली जात नाही.