कंबरदुखी आणि काम : समज आणि वस्तुस्थिती

गुहागर तालुक्यातल्या हेदवीत लावणी लागली की दिवसदिवस वाकून काम चालतं. तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलात रोपं रोवायची. पुढे कापणी, मग काजू, आंबा. कंबर धरली तर रोज बुडतो, कारण रोजंदारीवरच्या बाईला पगारी रजा नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला कामापासून दूर ठेवणारं हे जगातलं सर्वांत मोठं दुखणं आहे. तरीही त्याविषयीचे गैरसमज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : कंबर दुखते म्हणजे मणका झिजला, आता काम संपलं.
वस्तुस्थिती : सुमारे 90 टक्के कंबरदुखीत एखादा ठरावीक आजार सापडत नाही. न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही वयाप्रमाणे चकतीची झीज दिसते. एकट्या फोटोवरून काम सोडू नये.

गैरसमज : बरं वाटेपर्यंत अंथरुणावर पडून राहावं.
वस्तुस्थिती : फार दुखत असेल तर एखाद-दुसरा दिवस आराम ठीक. त्यानंतर पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि कामावर परतणं लांबतं. चालणं आणि झेपेल तेवढं हलकं काम सुरू ठेवावं.

गैरसमज : पट्टा बांधला, गोळी घेतली की भागतं.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कमरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

गैरसमज : वरून धडधाकट दिसतो, म्हणजे कामाचा कंटाळा करतोय.
वस्तुस्थिती : हे दुखणं सूज किंवा जखम न दाखवताही झोप मोडतं, हाताचा वेग कमी करतं. अशा माणसाला टोमणे नकोत, कामाची अदलाबदल हवी : थोडा वेळ लावणी, थोडा वेळ मुठी पोचवणं, मध्ये कंबर सरळ करायला उसंत.

गैरसमज : शेती म्हटली की दुखणारच.
वस्तुस्थिती : कामाची पद्धत बदलता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कापणीसाठी हलका, दातेरी ‘वैभव’ विळा तयार केला. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात.

गैरसमज : पावसाळ्यातली अंगदुखी थकव्याचीच.
वस्तुस्थिती : चिखलात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या, कंबर फार दुखू लागली तर तो लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार असू शकतो. तो वेळेवर औषधाने बरा होतो, अंगावर काढला तर जिवावर बेततो. तसंच कुठल्याही ऋतूत कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतरची तीव्र वेदना, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

दुखणं पुढच्या हंगामावर ढकलू नका. सुरुवातीलाच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरातल्या कामाची वाटणी आजच बदला.