आलेख काढणारे यंत्र

नकाशा पाहिला म्हणजे कोणते गाव कोठे आहे हे जसे एका दृष्टिक्षेपात कळते, तसा आलेख पाहिला म्हणजे दोन संख्यांचा परस्परांशी असलेला संबंध चटकन ध्यानात येतो. संख्यांची जोडी म्हणजे कागदावरील एक बिंदू, ही कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून युरोपात रुजली. तेव्हापासून विद्यार्थी हाताने आलेख काढीत आले आहेत. चौकटीचा कागद घ्यावा, एकेक किंमत काढावी, बिंदू मांडावेत आणि ते जोडावेत, अशी ही रीत आहे. ती उत्तम आहे, परंतु तिला वेळ फार लागतो.

१९८५ साली जपानच्या कॅसिओ कंपनीने हे काम करणारे, हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या लहानशा पडद्यावर आडव्या दिशेस ९६ आणि उभ्या दिशेस ६४ ठिपके होते. समीकरण लिहून कळ दाबली, की यंत्र आडव्या दिशेच्या एकेका ठिपक्यासाठी किंमत काढी आणि योग्य जागी काळा ठिपका उमटवी. म्हणजे आपण करतो तेच ते करते. फक्त ते थकत नाही, एवढेच.

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी एस.ए.टी. नावाची परीक्षा घेतली जाते. तेथे जाऊ इच्छिणारे भारतीय विद्यार्थीही ती देतात. १९९४ सालापासून तिच्या गणिताच्या भागात गणकयंत्र वापरण्यास परवानगी मिळाली. २०२४ सालापासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होऊ लागली, आणि आलेख काढण्याची सोय त्याच पडद्यावर देण्यात आली. गणिताचे प्रश्न ४४ आणि वेळ ७० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळतो. तर मग यंत्र जवळ असलेल्या विद्यार्थ्यास आता विचार करण्याचे कारणच उरले नाही काय? हे आपण उदाहरणानेच पाहू.

२५ मीटर उंचीच्या गच्चीवरून एका मुलाने चेंडू सरळ वर फेकला. क्ष सेकंदांनंतर चेंडूची जमिनीपासूनची उंची य मीटर असून, य = २५ + २०क्ष − ५क्ष² हे समीकरण दिले आहे. चेंडू जास्तीत जास्त किती उंच जाईल आणि जमिनीवर केव्हा पडेल, हे दोन प्रश्न आहेत.

विद्यार्थी समीकरण यंत्रात लिहितो. परंतु पडद्यावर त्याला दोन तुटक, जवळजवळ उभ्या रेघाच दिसतात! यंत्र बिघडले की काय? नाही. पुष्कळ यंत्रांचा पडदा प्रारंभी दोन्ही अक्षांवर −१० ते १० एवढाच भाग दाखवतो, आणि आपला चेंडू तर २५ मीटर उंचीवरूनच निघाला आहे. लहान खिडकीतून डोंगराचा केवळ पायथा दिसावा, तसेच हे झाले. उभा अक्ष ५० पर्यंत वाढवताच कमानीसारखी सुंदर वक्ररेषा प्रकट होते. तिचा माथा क्ष = २ आणि य = ४५ येथे आहे. म्हणजे २ सेकंदांनंतर चेंडू ४५ मीटर उंचीवर असेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता दुसरा प्रश्न. चेंडू जमिनीवर पडला म्हणजे त्याची उंची शून्य. वक्ररेषा आडव्या अक्षास दोन ठिकाणी छेदते: −१ आणि ५. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही बिंदू सारखेच खरे. परंतु −१ सेकंद म्हणजे फेकण्यापूर्वीचा एक सेकंद, आणि त्या वेळी चेंडू मुलाच्या हातातच होता. यास्तव उत्तर ५ सेकंद. हा निवाडा यंत्राने केला नाही, विद्यार्थ्याने केला.

आणखी एक प्रश्न पाहा. एक दुकानदार सायकलीच्या भाड्यासाठी आरंभी १२ डॉलर आणि दर तासाला ३ डॉलर घेतो; दुसरा आरंभी ४ डॉलर आणि दर तासाला ५ डॉलर घेतो. किती तासांनी दोघांचे भाडे सारखे होईल? दोन सरळ रेषा काढून त्यांचा छेदनबिंदू शोधता येईल. परंतु आरंभीचा फरक ८ डॉलरांचा, आणि तो दर तासाला २ डॉलरांनी घटतो, हे ज्याने हेरले त्याला ४ तास हे उत्तर मनातल्या मनातच मिळते. यंत्रावरील कळा दाबीपर्यंत तो पुढच्या प्रश्नाकडे वळलेला असतो.

कंसाचा विसर पडला तरीही फसगत होते. उणे तीनचा वर्ग ९ आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु कंस न घालता −३² असे लिहिले, तर पुष्कळ यंत्रे आधी तीनचा वर्ग करून मग उणे चिन्ह लावतात आणि −९ हे उत्तर देतात. यंत्र चुकले नाही. जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिले.

म्हणून गणकयंत्र हाती घेण्यापूर्वी उत्तर साधारण केवढे असावे याचा अंदाज बांधावा आणि उत्तर आल्यावर ते त्या अंदाजाशी ताडून पाहावे. यंत्र मोजते, रेखाटते आणि श्रम वाचवते. परंतु काय विचारावे, कोठे पाहावे आणि कोणते उत्तर नाकारावे, हे ठरवण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.