स्लीपर बदलताना रूळ काढत नाहीत

रुळांखालच्या आडव्या आधाराला स्लीपर म्हणतात. तो रुळांतले अंतर (ब्रॉडगेजवर १६७६ मिलिमीटर) राखतो आणि गाडीचा भार खडीवर पसरवतो.

एखादा स्लीपर बदलायचा तर रूळ उखडावे लागतात, असे अनेकांना वाटते. लांबून तसे वाटणे साहजिकच आहे. प्रत्यक्षात खाटेखालची ट्रंक ओढावी तसा तो बाजूने निघतो; खाट जागची हलत नाही. आधी गाड्यांपासून संरक्षणाची व्यवस्था होते. मग गँगमन फावड्याने शेजारची खडी उपसतात, रूळ धरणाऱ्या क्लिपा हातोड्याने काढतात, गरजेपुरता रूळ जॅकने (हाताने चालवायचे उचलयंत्र) किंचित उचलतात आणि पहारींनी स्लीपर सरकवतात. लाकडी असेल तर ठीक. काँक्रीटचा अडीचशे किलोच्या वर भरतो, तिथे सगळ्यांचा जोर एका हाकेवर लागावा लागतो.

खरे कसब त्यानंतरचे. बीटरने (एका बाजूला बोथट तोंडाचा टिकाव) रुळाच्या बैठकीखाली खडी ठोकून भरतात. ती सैल राहिली तर नवा स्लीपरही गाडीखाली दबत राहतो.