युनायटेड किंग्डममधील पशुवैद्यकीय खर्च

युनायटेड किंग्डममध्ये पाळीव प्राण्यांच्या उपचारांचा खर्च प्राणीपालकाला स्वतः अथवा विम्यातून भागवावा लागतो. स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाच्या पाहणीनुसार २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय शुल्क ६३ टक्क्यांनी, म्हणजे सर्वसाधारण महागाईपेक्षा बरेच अधिक वाढले.

एमआरआयसारख्या प्रगत तपासण्यांमुळे काही वाढ स्वाभाविक होती. पण कारण तेवढेच नाही. २०१३ मध्ये सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते. दशकभरात हे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले. पुष्कळदा दारावरची पाटी जुनीच राहते, त्यामुळे दवाखाना विकला गेल्याचे प्राणीपालकांना कळतही नाही. १९६६चा पशुवैद्यक कायदा चिकित्सकाच्या आचरणाचे नियमन करतो, दवाखाना चालविणाऱ्या कंपनीचे नव्हे. मे २०२४ मध्ये प्राधिकरणाने सविस्तर चौकशी सुरू केली. लेखी औषधचिठ्ठी घेऊन औषधे अन्यत्र, अनेकदा स्वस्तात, घेता येतात, हेही अनेकांना ठाऊक नसल्याचे आढळले होते.

मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गरिबांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना उघडला. त्यातून उभी राहिलेली पीडीएसए ही संस्था आजही पात्र प्राणीपालकांना मोफत वा अल्प दरात उपचार देते. अशी मदतही नाही आणि विमाही नाही, अशांपुढे कधीकधी बऱ्या होऊ शकणाऱ्या प्राण्याला दयामरण देण्याचाच पर्याय उरतो.